संध्याकाळचा रकाना

आरोग्यकेंद्रातल्या लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा बघायचं असतं. सकाळी आल्या आल्या आणि संध्याकाळी निघण्याआधी. झाकण उचलायचं, आतला तापमापक डोळ्यांसमोर धरायचा, लाल रेघ दोन आणि आठ अंशांच्या मध्ये आहे ना ते पाहायचं, वहीत आकडा लिहायचा आणि पुढे सही करायची. अर्ध्या मिनिटाचं काम. थोरल्या सिस्टर ते एकवीस वर्षं करत आल्या होत्या आणि मनातल्या मनात त्याला नेम म्हणत होत्या. पहाटे घरी डोळे मिटून प्रार्थना केली की एक नेम झाला, इथे येऊन झाकण उचललं की दुसरा.

'थोरल्या' हे नाव मावशींनी पाडलेलं. मावशी केंद्राची झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या आणि येईल त्याला नाव देऊन मोकळ्या व्हायच्या. डॉक्टर कुणीही असोत, ते 'पाहुणे'. वर्षाच्या आत जाणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? आणि दुसऱ्या नर्सच्या जागेवर जी येईल ती 'नवी'. चार वर्षांत अशा नऊ नव्या झाल्या होत्या. एक लग्न करून गेली, दोघी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेल्या, एक आजारी पडून गेली. एक तर दुपारी जेवायला म्हणून खोलीवर गेली ती परत आलीच नाही, तिची छत्री अजून व्हरांड्यातल्या खुंटीवर होती.

"नाव पाठ करायचं आणि मग विसरायचं, दुप्पट काम कुणी सांगितलंय?" मावशी म्हणायच्या.

आताची नवी तीन महिन्यांपूर्वी आली होती. भराभर चालणारी, बेताचं बोलणारी मुलगी. थोरल्या सिस्टरांनी तिला किल्ल्या दाखवल्या, वह्यांचं कपाट दाखवलं आणि तिथेच थांबल्या. आधीच्या आठजणींना त्यांनी हाताला धरून घरोघर फिरवलं होतं. कुठल्या घरात आधी आजीशी बोलायचं, कुठली आई 'सगळं बरं आहे' म्हणाली की समजायचं काही बरं नाही, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, सगळं सांगितलं होतं. आठवी निघून गेली त्या दिवशी त्यांचा हात आपोआप मागे आला. नववीला त्या एवढंच म्हणाल्या, "वहीत सगळं आहे. बघून घे."

केंद्रात जागा सहाजणांच्या, माणसं मावशी धरून चार. रोजची साठ-सत्तर माणसं बाकांवर बसलेली असायची. त्यांचं बघायचं, बाळांची वजनं करायची, गरोदर बायकांची तपासणी करायची आणि मग हे सगळं पाच वह्यांमध्ये पुन्हा लिहायचं. थोरल्या सिस्टरांनी शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तो मंजूर झाला. आता अकरा दिवस उरले होते.

अकरा दिवसांकडे त्यांचे डोळे लागले होते त्याचं कारण त्यांची लेक. तिच्या पहिल्या बाळंतपणाला त्या गेल्या नव्हत्या. तेव्हाची नवी नुकतीच सोडून गेली होती आणि केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींची तीन बाळं हातावर घेतली आणि स्वतःच्या लेकीचं बाळ पाहिलं ते सात महिन्यांचं झाल्यावर, तेव्हा ते त्यांना बघून रडलं होतं. लेक काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आता दुसऱ्या वेळेला अठरा दिवस होते, आणि त्यांनी शब्द दिला होता की कळा सुरू व्हायच्या आधी मी तुझ्या उशाशी असेन.

मंजुरीच्या कागदावर खाली एक ओळ होती. कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नसल्यास सेवामुक्त करण्यात यावे. ती ओळ त्यांनी वाचली आणि पुढे गेल्या. एकवीस वर्षांत चौकशी कसली ती त्यांना ठाऊक नव्हती.

आता त्या तापमानाच्या वहीबद्दल सांगायला हवं. तीन आठवड्यांपूर्वी एकदा लसीकरणाचा दिवस फार लांबला. घरी निम्म्या वाटेवर गेल्यावर त्यांना आठवलं की संध्याकाळचं तापमान बघायचं राहिलं. पाय इतके जड झाले होते की त्या परत वळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच आकडा होता, म्हणजे काल संध्याकाळीही पाचच असणार, असं म्हणून त्यांनी मागचा रकाना भरला. त्याच्या पुढच्या दिवशी, पुन्हा विसरायला नको म्हणून, सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा एकदमच लिहून टाकला. मग ते रोजचंच झालं. नेम मोडतो तेव्हा काही आवाज होत नाही. आधी तो नुसता उरकला जातो, मग आधीच उरकून ठेवला जातो. आपण खोटं लिहितो आहोत असंही त्यांना वाटलं नाही. दमलेल्या माणसाला आपला हात काय करतो आहे ते नीटसं दिसत नाही.

अकरा दिवस उरले होते त्या दिवशी सकाळी वायरमन आला. लसींच्या खोलीतला पंखा महिनाभर बंद होता. त्याने भिंतीवरची सगळी बटणं बंद केली, पंखा उघडला, पुसला, जोडला, आणि फक्त पंख्याचं बटण चालू करून अकराच्या सुमारास निघून गेला. पंखा फिरायला लागला तसं सगळ्यांना हायसं वाटलं.

"आता वारा आला," मावशी म्हणाल्या. "आता पाहुणेसुद्धा टिकतील."

सगळे हसले, आणि कोपऱ्यातल्या फ्रिजवरचा हिरवा दिवा विझला आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर उन्हाची काहिली होती. फ्रिज जुना, त्याच्या झाकणाचं रबर सैल झालेलं.

साडेचार वाजता नवी उद्याच्या लसी मोजायला गेली. उद्या चौतीस बाळं यायची होती. थोड्या वेळाने ती दारात आली. समोर तीन बायका बसल्या होत्या, म्हणून ती हळूच म्हणाली, "ताई, जरा आत येता?"

आत गेल्यावर तिने दार लोटलं.

"चौदा आहे."

"काय चौदा?"

"फ्रिज. बटण बंद होतं. मी आत्ता चालू केलं."

थोरल्या सिस्टरांनी झाकण उचललं. रोज तोंडावर येणारा गारवा आला नाही. तापमापक त्यांनी दोनदा पुसला, दोनदा पाहिला.

"कधीपासून बंद होतं?"

"तेच बघायला वही उघडली," नवी म्हणाली.

वही टेबलावर उघडीच होती. आजच्या तारखेपुढे सकाळच्या रकान्यात पाच, संध्याकाळच्या रकान्यात पाच, आणि दोन्हींपुढे त्यांची सही. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. नवीने त्यावर बोट ठेवलं नाही.

"आज घाईत लिहिलं असेल," ती म्हणाली.

थोरल्या सिस्टरांची नजर आधीच्या तारखांच्या रकान्यांकडे गेली. नवीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पानावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. तिला कळायचं ते कळलं.

"ताई, एक सांगू? महिन्याचं एकच पान आहे. मी नवीन पान लिहून काढते, अर्ध्या तासाचं काम. सकाळचे आकडे तसेच ठेवायचे. संध्याकाळचे कुठे चार, कुठे सहा. आजचं चौदा लिहू, वायरमनमुळे झालं म्हणू, ते खरंच आहे. माझं अक्षर तुमच्यासारखं येतं."

"माझ्यासारखं कसं येतं?"

"तुम्हीच म्हणालात ना, वहीत सगळं आहे. वाचत बसते मी. जुन्या वह्यासुद्धा काढल्या. तुम्ही कडेला बारीक अक्षरात लिहायचात. 'आधी आजीशी बोलणे.' 'नवरा बाहेरगावी, दुपारी जाणे, तेव्हा मोकळी बोलते.' चार वर्षांपूर्वीपर्यंत आहे तसं. मग नुसते आकडे आहेत."

हे ती सहज बोलली, टोमणा म्हणून नव्हे. म्हणूनच ते खोल गेलं.

"अकरा दिवस राहिलेत तुमचे," नवी पुढे म्हणाली. "कशाला उगाच?"

थोरल्या सिस्टर स्टुलावर बसल्या. पोरीने किती मायेने हात पुढे केला होता. आणि तो हात धरायची त्यांची तयारी होती, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. नवीन पान, चार, सहा, पाच, आणि अकराव्या दिवशी, सोमवारी, मोकळं. मग मनात आलं, तीन महिन्यांत या मुलीला आपण काहीच शिकवलं नाही. पहिली गोष्ट शिकवणार ती ही?

"आधी डॉक्टरांना बोलाव," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आले. वयाने त्यांच्या लेकीएवढेच, पण खांदे उतरलेले. त्यांनी दोन-तीन कुप्या उजेडात धरल्या. प्रत्येक कुपीवर एक छोटा चौकोन असतो, लस उष्णतेने खराब झाली की तो काळा पडतो.

"चौकोन पांढरे आहेत. लस ठीक आहे. उद्या वापरा. कशाला डोक्याला ताप करून घ्यायचा?"

"चौकोन पांढरे आहेत, खरं," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "पण किती तास गरम होतं आणि आधी कधी झालं होतं का, हे वरच्या ऑफिसने ठरवायचं असतं. ते ठरवायला ही वही बघतात. आणि वही खरी नाही."

"खरी नाही म्हणजे?"

"तीन आठवडे संध्याकाळचा आकडा मी सकाळीच लिहिते आहे."

डॉक्टर खुर्चीवर बसले. पंखा फिरत होता.

"हे मला सांगायलाच हवं होतं का?"

"हो."

"तुम्ही लसीचं कळवा म्हणता, ते मी कळवतो. बटण बंद राहिलं, संपलं. वहीचं कशाला? चौकशी लागेल. चौकशी लागली की तुम्हाला सोडणार नाहीत. तुमच्या मुलीची तारीख जवळ आली आहे ना?"

"आहे."

उद्याच्या चौतीस आया त्यांना दिसत होत्या. त्या कधी काही विचारत नाहीत. बाळाची बाही वर करतात आणि बाळ पुढे धरतात, तोंड दुसरीकडे फिरवून, कारण सुई बघवत नाही. इतका विश्वास त्या टाकतात तो काही पांढऱ्या चौकोनावर नाही.

त्यांनी पेन घेतलं. आजच्या संध्याकाळच्या पाचावर सरळ रेघ मारून शेजारी चौदा लिहिलं, वेळ लिहिली. मग पानाच्या तळाशी, घाई न करता, लिहिलं की या महिन्यातल्या अमुक तारखेपासूनच्या संध्याकाळच्या नोंदी प्रत्यक्ष न पाहता केल्या आहेत. सही केली. आश्चर्य म्हणजे बऱ्याच दिवसांनी आपलं अक्षर त्यांना आपलं वाटलं.

नवीने कुप्या वेगळ्या पिशवीत भरल्या आणि 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली. डॉक्टर फोन करायला बाहेर गेले.

घरी नवऱ्याने चहा ठेवला होता. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि घरात बायकोला 'सिस्टर'च म्हणायचे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कप पुढे सरकवला.

"बरं केलंस की वाईट, ते मला कळत नाही. लेकीला मात्र तू सांग. मी सांगणार नाही, ती मलाच झापेल."

लेकीने फोन पहिल्या रिंगला उचलला. त्यांनी तिला सगळं सांगितलं, वहीचंसुद्धा.

"म्हणजे या वेळीही नाही," ती म्हणाली.

"बहुतेक नाही."

"आई, तू खोटं लिहिलंस? तू?"

"हो."

तिकडच्या खोलीत नात कसलंतरी खेळणं आपटत होती.

"मला वाटायचं तुला तिथंच आवडतं," लेक म्हणाली. "म्हणून तू येत नाहीस. मागच्या वेळी मी तेच धरून बसले होते."

"आवडायचं गं. खूप आवडायचं. कधीपासून आवडेनासं झालं ते माझंच मला कळलं नाही."

"मग रजा का नाही घेतलीस? नोकरी सोडायचा अर्ज केलास. तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज एकवीस वर्षांत किती वेळा केलास?"

थोरल्या सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. फोनमधलं सगळं त्यांना ऐकू येत होतं.

"शाई संपते बाई तिची, रजा लिहायची म्हटली की," ते मोठ्याने म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा," लेक म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच थोडं हसली.

दुसऱ्या दिवशी चौतीसपैकी एकोणीस बाळं आलीच. थोरल्या सिस्टर आठ वाजताच व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला स्वतः सांगितलं. लसीचा फ्रिज बंद राहिला. लस तपासायला पाठवली आहे. पुढच्या आठवड्यात या, नवीन येईल.

"अर्ध्या दिवसाचं काम बुडवून आले मी," एकजण म्हणाली. "फ्रिज बंद राहतो तेव्हा तुम्ही सगळे काय करता?"

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "बघायला हवं होतं, बघितलं नाही."

बाईला भांडायचं होतं, पण समोरून काही आडवं आलंच नाही. ती बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन म्हणाली, "बरं, मग वजन तरी करून द्या."

न आलेल्या पंधरा बाळांच्या घरी निरोप द्यायचा होता. थोरल्या सिस्टर चपला घालता घालता नवीला म्हणाल्या, "चल. घरं दाखवते."

मावशींनी झाडू थांबवला. "आज काय उलटा दिवस आहे का?"

त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस, दुपारचं काम आवरलं की दोघी फिरत राहिल्या. तिसऱ्या गल्लीतल्या जिन्याखालच्या घरात नवीने चुकून आधी सुनेशी बोलायला सुरुवात केली, आणि आजीने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वहीत वाचलं होतं ना?" बाहेर आल्यावर थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"वाचलं होतं. घर हेच, हे कुठे लिहिलं होतं?"

यावर त्यांना हसू आलं. असं मनापासून, पोटातून, त्या कामावर असताना कधी हसल्या होत्या ते त्यांना आठवेना.

पाचव्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. लसी मुदतीत वापरण्यास योग्य ठरल्या होत्या. नोंदवहीबाबत चौकशी होईल आणि ती पूर्ण होईपर्यंत सेवामुक्ती स्थगित. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

थोरल्या सिस्टरांनी पत्राची घडी घातली आणि पर्समधून दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला. एकवीस दिवसांची रजा, येत्या सोमवारपासून.

"चौकशी चालू असताना रजा?"

"बोलावतील त्या दिवशी हजर होईन. जे सांगायचं ते लिहून दिलं आहे. एकवीस दिवसांत ते बदलणार नाही."

"आणि केंद्र कोण सांभाळणार?"

हा प्रश्न त्या इतकी वर्षं स्वतःलाच विचारत आल्या होत्या, आणि दर वेळी उत्तर म्हणून अर्जाचा कागद परत पर्समध्ये ठेवत आल्या होत्या.

"ते तुम्ही ठरवायचं, डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी नाही."

दारात नवी वजनकाटा घेऊन उभी होती. "एकवीस दिवस मी आहे," ती म्हणाली.

"आणि नंतर?"

"नंतरचं सांगत नाही. शहरातल्या दवाखान्यात माझा अर्ज गेला आहे, लपवून काय करू? पण उत्तर यायला वेळ लागतो. तोवर मी आहे. शेजारच्या केंद्रातून आठवड्यातून दोन दिवस कुणी आलं तर बरं होईल, एवढं मात्र तुम्ही बघा."

"सांगून जाणारी ही पहिलीच," मावशी व्हरांड्यातून म्हणाल्या. "हिला नाव द्यायला हवं आता."

डॉक्टरांनी अर्ज पुन्हा वाचला. "आठ महिन्यांत मी एक दिवस रजा घेतली नाही," ते म्हणाले. "तुम्ही घेत नाही, म्हणून मागायची लाज वाटायची."

"मी घेत नाही म्हणून?"

"तुमच्यासमोर कसं मागणार?"

आपल्या न थांबण्याचा असा भार दुसऱ्यावर पडत असेल, हे थोरल्या सिस्टरांच्या कधी मनात आलं नव्हतं. डॉक्टरांनी सही केली, शिक्का शोधला, तो वाळला होता, त्यावर थोडं पाणी टाकून तो उठवला.

सोमवारी संध्याकाळी त्या लेकीच्या घरी पोहोचल्या. तारखेला अजून आठवडा होता. नात दाराआडून बघत राहिली आणि या वेळी रडली नाही, आपली बाहुली तेवढी पाठीमागे लपवली. येतानाच त्यांनी मनात सगळं ठरवलं होतं. सकाळी लेकीच्या आधी उठायचं, तिचे पाय चेपून द्यायचे, नातीला आंघोळ घालायची, दवाखान्याची पिशवी नीट लावायची.

मंगळवारी त्या उठल्याच नाहीत. नऊ वाजले, दहा वाजले. लेक दोनदा दारात येऊन श्वास बघून गेली. मग अवघडल्या अंगाने ती खिडकीपर्यंत गेली आणि तिने पडदा ओढून घेतला.

अकराच्या सुमारास उशाजवळचा फोन वाजला. लेकीने तो चटकन उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेला. केंद्रातून नवीचा फोन होता.

"ताई आहेत का?"

"झोपली आहे," लेक म्हणाली. "उठवू? तातडीचं आहे का?"

पलीकडे माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि मावशी कुणाला तरी रांगेत बसायला सांगत होत्या.

"नाही," नवी म्हणाली. "माझं मी बघते. झोपू द्या त्यांना."